दारी आलेली पाहणी



वैशाखातले दिवस आहेत. ऊन कलल्यावर ओसरीवर वारा घेत बसावयाचे सोडून आपण संख्याशास्त्राच्या एका निवृत्त शिक्षकाचे भाषण ऐकावयास आलात, ह्याचे मला खरोखरच नवल वाटते. व्याख्यानमालेत संतांवर बोलावे, इतिहासावर बोलावे, निदान सोयाबीनच्या भावावर तरी बोलावे. मी आपणांपुढे आकडे मांडणार आहे. परंतु हे आकडे बाजारातले नव्हेत, आपल्या घरातले आहेत. घरात बाळंतीण झालेली सून, पाळण्यातले मूल, शाळा सोडून लग्नाला उभी केलेली मुलगी, ह्यांच्यासंबंधीचे ते आहेत, आणि ते आपणच दिलेले आहेत.

आपल्या देशात 1992-93 सालापासून एक मोठी पाहणी अधूनमधून होत आली आहे. तिचे नाव राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी. पहिली 1992-93 मध्ये झाली, दुसरी 1998-99 मध्ये, तिसरी 2005-06 मध्ये, चौथी 2015-16 मध्ये आणि पाचवी 2019 ते 2021 ह्या काळात. सहावीचे घरोघर जाण्याचे काम 2023-24 मध्ये झाले. मुंबईत देवनारला 1956 साली लोकसंख्याशास्त्राची जी संस्था निघाली, ती केंद्राच्या आरोग्य मंत्रालयासाठी हे काम पाहते. पाचव्या पाहणीत देशभर 6,36,699 घरांत आणि 7,24,115 स्त्रियांकडे माणसे गेली. एकट्या महाराष्ट्रात 31,643 घरे आणि 33,755 स्त्रिया होत्या.

आता आपणांपैकी कोणी मनात म्हणेल, “आमच्याकडे तर कोणी आले नाही. मग हे बुलढाणा जिल्ह्याचे आकडे काढले कुठून?” शंका रास्त आहे. 2011 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या 25,86,258 होती. महाराष्ट्रातील घरे 36 जिल्ह्यांत वाटली तर जिल्ह्यामागे सरासरी 880 घरे येतात. पंचवीस लाखांचा निवाडा आठ-नऊशे घरांवरून करावयाचा, हा काय न्याय झाला?

पण आपल्या घरातली बाई रोज हेच करते. भात शिजला की नाही हे पाहावयास ती सगळा भात चिवडत नाही, एक शीत दाबून पाहते. मात्र शहाणी बाई वरचेच शीत घेत नाही. पातेले हलवून, मधले घेते. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण आपण सगळेच वापरतो, पण पातेले हलवावे लागते हा तिचा अर्धा भाग विसरतो. संख्याशास्त्राची सगळी विद्या ह्या अर्ध्या भागात आहे. आणखी जवळचे उदाहरण हवे तर पीक कापणी प्रयोगाचे घ्या. विम्यासाठी म्हणा, पैसेवारीसाठी म्हणा, सरकारी माणूस येतो, शेतात दोरी लावून ठराविक मापाचा चौकोन आखतो आणि तेवढेच पीक कापून तोलतो. तो चौकोन कुठे आखावयाचा हे त्याच्या हातातल्या कागदावरचे आकडे ठरवतात. शेतकरी म्हणतो, “साहेब, तिकडचं वाळलेलं घ्या ना!” ते घ्यावयाचे नसते. पिकांची ही मोजणी आपल्या देशात शास्त्रशुद्ध करण्यात डॉ. पानसे आणि डॉ. सुखात्मे ह्या दोघा मराठी शास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे. शेतकी संशोधकांसाठी त्यांनी लिहिलेले संख्याशास्त्राचे पुस्तक 1954 साली निघाले, आणि माझ्यासारख्या कित्येकांनी ते पाठ केले.

कुटुंबांची पाहणी ह्याच रीतीने होते. जनगणनेच्या यादीतून आधी गावे निवडतात, मोठ्या गावाला निवड होण्याची संधी अधिक. गाव ठरले की तिथल्या घरांची नवी यादी करतात आणि तिच्यातून ठराविक अंतराने बावीस घरे उचलतात. ह्या बावीसमध्ये सरपंचाचे घर आले तर आले, पालावरचे आले तर आले. “आमच्याकडे या, आमच्या सुनेला सगळे नीट सांगता येते,” असे म्हणून चालत नाही. निवडलेल्या घराला कुलूप असेल तर पुन्हा फेरी मारावयाची, पण त्याऐवजी शेजारचे घर घ्यावयाचे नाही. हा नियम मोलाचा आहे, आणि ह्याच नियमात एक उणीवही आहे. ऊसतोडीला गेलेल्या घराचे कुलूप दिवाळीनंतर थेट उन्हाळ्यात उघडते. तिसऱ्या फेरीलाही कुलूपच दिसले तर ते घर आकड्यात येत नाही. ज्या मुलाचे हाल अधिक, ते मोजणीतून निसटण्याचा संभवही अधिक. आकड्यांवर विश्वास ठेवा असे सांगावयास मी आलो आहे, पण डोळे मिटून ठेवा असे सांगावयास नव्हे.

ह्या पाहणीआधी जन्ममृत्यूची नोंद होत नव्हती, असे मुळीच नाही. आपल्या वऱ्हाडात तर कोतवाल बुक होते. जातीच्या दाखल्यासाठी तहसिलीच्या रेकॉर्ड रूममध्ये ज्यांना हेलपाटे घालावे लागले आहेत, त्यांना ती पिवळी पाने परिचयाची आहेत. तारीख, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी. गावात मूल जन्मले की कोतवालाला कळवावयाचे, आणि तो लिहून घेई. कळवी तो घरचा पुरुष.

काही वर्षांपूर्वी पुतण्याच्या दाखल्यासाठी मी अशीच पाने चाळीत बसलो होतो. वडिलांचे नाव सापडले. आनंद झाला. मग पाहिले तर ती नोंद माझी नव्हती, माझ्या भावाचीही नव्हती. तिच्यापुढे नुसते ‘मुलगी’ असे लिहिले होते, आणि पुढे मृत्यूच्या पानावर वडिलांचेच नाव, ‘मुलगी, नऊ दिवस’. आम्ही पाच भावंडे एवढेच मी जन्मभर समजत होतो. त्या वेळी आई हयात होती, नव्वदीच्या घरात. संध्याकाळी तिला विचारले, “आई, तुला किती मुलं झाली?” ती म्हणाली, “सात.” इतक्या सहज म्हणाली, की जणू ती उत्तर तयार ठेवून बसली होती. मी विचारले, “मग कधी बोलली नाहीस?” त्यावर ती म्हणाली, “कोण विचारतं?” एकीचे नावसुद्धा ठेवले होते. कोतवालाने लिहिले नव्हते, पण आईजवळ ते होते.

मी मुद्दाम हे सांगितले. कारण राष्ट्रीय पाहणीत आणि जुन्या नोंदीत जो मोठा फरक आहे, तो यंत्रांचा नाही की कागदांचा नाही. इथे बाईला स्वतःला विचारतात. निवडलेल्या घरातील पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या प्रत्येक स्त्रीशी, ती तयार असेल तर, एक मुलगी बसून बोलते. बायकांना विचारावयास बायकाच पाठवितात. आणि मुलांविषयीचे प्रश्न मोठ्या विचाराने रचलेले आहेत. “मुले किती?” असे एकदम विचारीत नाहीत. तुमच्याजवळ राहणारे मुलगे किती, मुली किती? दुसरीकडे राहणारे किती? आणि मग, जन्मले पण आता नाहीत असे कोणी? बाईने नाही म्हटले तरी आणखी एकदा हळूच विचारावयाचे असते: जन्मल्यावर रडले, हालले, पण वाचले नाही, असे एखादे मूल? नंतर पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत एकेका बाळंतपणाची हकीकत.

माझी एक विद्यार्थिनी अशा पाहणीच्या कामावर होती. तिने सांगितलेली गोष्ट ऐका. दुपारची वेळ, बाई ओसरीवर तूर निवडीत बसलेली. मुले किती, तर दोन. दोन्ही समोर खेळत होती. नाही-नाही करीत प्रश्न शेवटच्या टप्प्याला आले, तशी बाईचा सुपातला हात थांबला. म्हणाली, “एक होता. रडला होता.” आतून सासूबाईंचा आवाज आला, “ते काय सांगत बसलीस? ते धरत नाहीत.” ही मुलगी वयाने बावीस-तेवीस वर्षांची. तिने आतल्या बाजूला पाहून म्हटले, “धरतात, आजी.” आणि लिहून घेतले.

श्रोतेहो, बालमृत्यूचा दर म्हणून जो आकडा आपण वर्तमानपत्रात वाचतो, तो असा तयार होतो. ती बाई गप्प बसली असती, किंवा सासूबाईंचे ऐकले असते, तर त्या घरापुरता हिंदुस्थानात एकही बालमृत्यू झाला नसता! पहिल्या पाहणीत देशात हजार जन्मांमागे सुमारे 79 मुले वर्षाच्या आत दगावत होती. मग 68, 57, 41 असे उतरत पाचव्या पाहणीत ते 35 वर आले. महाराष्ट्रात 23. इथे कोणी जाणकार मला अडवील आणि म्हणेल, महाराष्ट्राचा दर तर 16 असल्याचे आम्ही वाचले. बरोबर आहे, तेही खोटे नाही. नमुना नोंदणी म्हणून दुसरी एक व्यवस्था आहे, तिचा 2020 सालचा आकडा 16 आहे. ती ठराविक गावांत वर्षभर जन्ममृत्यू नोंदवीत जाते, ही पाहणी आयांना मागील पाच वर्षांची हकीकत विचारते. रीत वेगळी, काळ वेगळा, म्हणून आकडाही थोडा वेगळा. दोन तराजू आहेत. एकावरचे माप काल घेतले आणि दुसऱ्यावरचे आज, तर मूल वाढले की घटले हे कसे कळणार? तुलना करावयाची ती एकाच तराजूवर.

तेव्हा ह्या एकाच तराजूवर आपल्या राज्याचे काय दिसते ते पाहू. चौथ्या पाहणीपासून पाचवीपर्यंत, म्हणजे चार वर्षांत, दवाखान्यात होणारी बाळंतपणे शंभरांत 90 होती, ती जवळजवळ 95 झाली. पहिल्या पाहणीच्या वेळी साऱ्या देशात हे प्रमाण 26 होते, हे ध्यानात घ्या, म्हणजे एका पिढीत केवढा बदल झाला हे कळेल. ज्या वयस्कर भगिनी आज इथे बसल्या आहेत, त्यांची बाळंतपणे अंधाऱ्या खोलीत सुईणीच्या हातून झाली, त्यांच्या नातसुनांची दवाखान्यात होत आहेत. सगळ्या लशी मिळालेल्या मुलांचे प्रमाण 56 वरून 73 वर गेले. ही कमाई लहान नाही. आशाताई आणि अंगणवाडीताई उन्हातान्हात ज्या फेऱ्या घालतात, त्यांचे हे फळ आहे.

आणि आता दुसरे पान उलटा. पाच वर्षांखालील ज्या मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे, त्यांचे प्रमाण महाराष्ट्रात चौथ्या पाहणीत 34.4 होते, पाचवीत 35.2. म्हणजे शंभरांतली पस्तीस मुले. उंचीच्या मानाने रोड असलेली मुले शंभरांत 25.6, दोन्ही वेळा तेवढीच, दशांशाचाही फरक नाही. मूल जगले, पण वाढले नाही. असे का व्हावे?

दवाखाना मुलाला एका रात्रीपुरता लागतो, ताट रोज लागते. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या मुलांना वयाला पुरेसा आणि नाना तऱ्हेचा आहार मिळतो काय, हेही ह्या पाहणीत विचारले जाते. काल दिवसभरात मुलाने काय खाल्ले, वरण, भाजी, अंडे, दूध, फळ, असे एकेक. देशात शंभरांतल्या जेमतेम 11 मुलांना तसा आहार मिळालेला आढळला. माझ्या लहानपणी घरोघर ज्वारी होती, अंबाडीची भाजी होती, कढण होते. सोयाबीन आले, हाती पैसा आला हे चांगलेच झाले, पण शिवारातून ज्वारी हटली आणि मुलाच्या हातात दहा रुपयांचे कुरकुऱ्यांचे पाकीट आले. रडले की पाकीट. पोट भरते, मूल गप्प बसते, आणि जेवणाच्या वेळी भूक नसते. हे माझे म्हणणे आहे, पाहणीचे नव्हे, पण आपल्यापैकी कितीजणांना ते खोटे म्हणता येईल?

आणि मुलाच्या वाढीची गोष्ट मुलाच्याही आधी सुरू होते. सतराव्या वर्षी आई झालेल्या, स्वतःच पुरती न वाढलेल्या मुलीच्या पोटी धष्टपुष्ट मूल कुठून येणार? पाहणीत वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांना लग्न कोणत्या वर्षी झाले ते विचारतात. महाराष्ट्रात शंभरांत 22 जणींचे लग्न अठरा पुरे होण्याआधी झालेले निघाले. परभणी जिल्ह्यात हे प्रमाण 48 आहे! जवळजवळ निम्मे. बालविवाहाला बंदी करणारा आजचा कायदा 2006 सालचा आहे, आणि त्याच्याही आधी शारदा कायदा होताच. त्या लग्नांची पत्रिका छापली गेली, मांडव पडला, गाव जेवले. कोणाला काही माहीत नव्हते असे नाही. मी स्वतः अशा एका पंगतीला बसलो आहे, आणि मुलीचे वय मला ठाऊक होते, कारण तिची थोरली बहीण माझ्या वर्गात होती. मी जेवून उठलो. एवढेच.

रक्तक्षयाचा विषय मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण तो वादाचा आहे आणि त्यात संख्याशास्त्राची गंमतही आहे. बोटाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब घेतात आणि छोट्या यंत्रात घालून रक्तातले हिमोग्लोबिन मोजतात. महाराष्ट्रात चौथ्या पाहणीत शंभरांत 48 स्त्रियांच्या अंगी रक्त कमी होते, पाचवीत 54. मुलांमध्ये तर 54 वरून एकदम 69. पंधरा टक्क्यांची वाढ, तीही लोहाच्या गोळ्या वाटण्याचे काम जोरात चालू असताना! तज्ज्ञांमध्ये मोठी चर्चा झाली. काहींचे म्हणणे असे, की बोटाच्या थेंबात कधी पेशींभोवतालचे पाणी मिसळते आणि रक्त आहे त्याहून पातळ दिसते, नसेतून घेतलेल्या रक्ताचे माप अधिक भरवशाचे. 2016 ते 2018 मध्ये मुलांच्या पोषणाची एक वेगळी देशव्यापी पाहणी झाली, तिच्यात नसेतून रक्त घेतले होते. तिथे लहान मुलांत रक्तक्षय शंभरांत 41 निघाला, तर चौथ्या कुटुंब पाहणीत 59 होता. दोघींतला वयोगट थोडा वेगळा आहे हे खरे, तरी अंतर मोठेच. रक्त किती असले म्हणजे पुरेसे म्हणावे, ह्या मर्यादेविषयीही मतभेद आहेत. दोन वर्षांच्या आतल्या बाळांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2024 साली ती मर्यादा थोडी खाली आणली. अखेर सहाव्या पाहणीतून ही चाचणी वगळावयाचे ठरले आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेमार्फत नसेतले रक्त घेऊन वेगळी पाहणी करण्याचा मार्ग निघाला.

आता ह्यातून काय समजावयाचे? एक पक्ष म्हणेल, माप चुकीचे होते, झाले, प्रश्नच मिटला. दुसरा म्हणेल, आकडा नकोसा झाला म्हणून चाचणीच काढून टाकली. मला दोन्ही घाई वाटते. माप सुधारलेच पाहिजे, वाकड्या काट्याचा तराजू कोणी जपून ठेवीत नाही. परंतु तराजू बदलला की मागच्या वजनाशी तुलना तुटते, हा तोटाही पत्करावा लागतो, आणि तो लोकांना उघड सांगितला पाहिजे. आणि 69 नसेल, 41 असेल, तरी शंभरांत 41 मुले पांढुरकी असणे ही काय समाधानाची गोष्ट झाली? घरातली बाई सर्वांच्या मागून, उरलेसुरले खाते, वर लगेच कपभर चहा घेते, आणि चहाने अन्नातले लोह अंगी लागत नाही. हे बदलावयास तज्ज्ञांचा वाद मिटण्याची वाट पाहावी लागत नाही.

आकड्याचा चुकीचा अर्थ लावण्याचे एक उदाहरण सांगितल्यावाचून राहवत नाही. पाचवी पाहणी प्रसिद्ध झाली तेव्हा मोठमोठ्या अक्षरांत छापून आले: देशात हजार पुरुषांमागे 1020 स्त्रिया! लोकांनी पेढे वाटावयाचे तेवढे शिल्लक राहिले. अहो, ही पाहणी घराची आहे. रात्री घरात कोण होते ते ती मोजते. मुलगा पुण्याला कंपनीत, नवरा सुरतेला, कोणी पलटणीत, ते बराकीत आणि भाड्याच्या खोल्यांत. घरी राहिल्या त्या बायका. शिवाय म्हातारपणी बायका अधिक जगतात. मुलगी जन्माला येऊ देतात की नाही, हे त्यावरून कळत नाही. ते जन्मावेळच्या प्रमाणावरून कळते, आणि तो आकडा त्याच अहवालात होता: देशात हजार मुलग्यांमागे 929 मुली, महाराष्ट्रात 913. तो कोणी मोठ्या अक्षरांत छापला नाही.

आपल्या जिल्ह्याचे तर विचारूच नका, पण विचारलेच पाहिजे. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत हजार मुलग्यांमागे मुली, बुलढाणा जिल्हा, 2001 ची जनगणना: 908. 2011 ची जनगणना: 855. हा नमुना नव्हे, ही सरसकट मोजणी आहे, इथे पळवाट नाही. सिंदखेडराजा ह्याच जिल्ह्यात आहे. बारा जानेवारीला तिथे लाखोंनी लोक जातात, मीही गेलो आहे. जिजाऊंच्या माहेरच्या मुलखात दहा वर्षांत हजारी त्रेपन्न मुली कमी झाल्या, आणि त्या कुठल्या आजाराने गेल्या नाहीत.

त्याच जिजाऊंच्या नावाने राज्य सरकारने 2005 साली माता-बाल आरोग्य व पोषणाचे एक अभियान काढले, तेव्हाच्या औरंगाबादेस त्याची कचेरी होती. त्याची आठवण मी अशासाठी करतो, की पाहणीचा उपयोग काय, ह्या प्रश्नाला त्यात एक उत्तर आहे. मूल पोटात आल्यापासून दोन वर्षांचे होईपर्यंतच्या दिवसांवर भर द्यावयाचा, असे त्या अभियानाने पुढे ठरविले. तिसऱ्या पाहणीत राज्यात दोन वर्षांखालील मुलांत खुंटलेल्या वाढीचे प्रमाण शंभरांत 39 होते. 2012 साली पोषणापुरती एक वेगळी राज्यपाहणी देवनारच्याच संस्थेने केली, तेव्हा ते 24 च्या आसपास आले होते. पुढच्या पाहण्यांत ती गती टिकलेली दिसत नाही, हे मघाच्या पस्तीसच्या आकड्यावरून आपण पाहिलेच. पण एकदा उतरले होते. म्हणजे ते उतरविता येते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. विचारून कळते तेवढेच विचारण्याने कळते. 1989 साली गडचिरोलीच्या डॉ. राणी व डॉ. अभय बंग ह्यांनी दोन खेड्यांतील 650 स्त्रियांची प्रत्यक्ष तपासणी करून निबंध प्रसिद्ध केला. शंभरांत 92 स्त्रियांना गर्भाशयाचे वा त्या भागाचे काही ना काही दुखणे होते, आणि पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या 8. जगभरच्या वैद्यकात त्याची दखल घेतली गेली. बाई दुखणे सांगत नाही, कारण ते दुखणे आहे हेच तिला कोणी सांगितलेले नसते.

आणि काही प्रश्न असे आहेत, की ते घरातल्या माणसांसमोर विचारताच येत नाहीत. नवरा मारतो काय, हा त्यांतला एक. निवडलेल्या घरांपैकी काहींतच आणि घरात एकाच स्त्रीला तो विचारतात, तोही ती एकटी असेल तरच. कोणी आले तर मुलीने विषय बदलावयाचा असतो. महाराष्ट्रात लग्न झालेल्या शंभरांतील 25 जणींनी नवऱ्याकडून मारहाण वा जबरदस्ती झाल्याचे सांगितले. माझी विद्यार्थिनी म्हणे, “सर, प्रश्न अवघड नसतात, कोपरा मिळणं अवघड असतं.” पाहणीवाली आली की सासरे खुर्ची ओढून समोर बसतात, दीर दारात उभा राहतो, आणि सूनबाईच्या आधी उत्तरे देतात. मुलाचा जन्म कोणत्या महिन्यातला, हेही तेच सांगतात, आणि बहुतेक चुकीचे सांगतात! कुटुंबनियोजनाचा प्रश्न आला की मात्र पुरुष मंडळींना अचानक गोठ्यातले काम आठवते. आठवेल नाही तर काय? महाराष्ट्रात शस्त्रक्रिया करून घेतलेल्या बायका शंभरांत 49, आणि नवऱ्याने करून घेतलेली जोडपी शंभरांत अर्धेसुद्धा नाही, 0.4.

तेव्हा पुढची पाहणी जेव्हा होईल, आणि त्या बावीस घरांत आपले घर आले, तर काय करावयाचे एवढे सांगून मी थांबतो. आलेल्या मुलींचे ओळखपत्र पाहा, पाणी द्या. उत्तर द्यावयाचे की नाही ही बाईची मर्जी, तिचे नाव कुठे छापले जात नाही. ती बोलावयास तयार असली तर पुरुषांनी आणि सासूबाईंनीही तास-दीड तास बाहेर ओट्यावर यावे. मुलाला तोलून घ्यावे, उंची मोजून घ्यावी, आणि निघालेले वजन त्याच वेळी कागदावर लिहून मागावे. त्याला पाहणीची वाट पाहावयाची गरज नाही. अंगणवाडीत दर महिन्याला मूल तोलतात. आपल्या नातवाचे मागील महिन्याचे वजन किती, हे इथे बसलेल्या किती आजोबांना सांगता येईल? सोयाबीनचा कालचा चिखलीचा भाव सगळ्यांना सांगता येईल.

अध्यक्षमहाशयांची अनुमती असेल तर आता प्रश्न घेऊ. पहिले चार-पाच प्रश्न डाव्या बाजूला बसलेल्या भगिनींकडून यावेत. पुरुष मंडळींना घाई असेल तर त्यांनी तोवर बाहेर चहा घ्यावा, तो तयार आहे असे मला आत्ताच कळले.